कॉलेजचा आउटफिल्डर पारखताना

क्रिकेट पाहत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला बेसबॉलच्या स्काउटिंगमध्ये, म्हणजे क्लबांसाठी होतकरू खेळाडू हेरण्याच्या कामात, शिरायचे असेल, तर एखाद्या क्लबच्या प्रादेशिक स्काउटला नावे सुचवणारा ‘असोसिएट स्काउट’ होणे ही सर्वांत जवळची वाट आहे. या कामाचे पैसे बहुधा मिळत नाहीत. मात्र जाणत्या स्काउटांशेजारी बसून सामना पाहायला मिळतो, आणि मीही तसाच शिकलो. कॉलेजच्या आउटफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातील क्षेत्ररक्षकाची, फलंदाजीची सरासरी पाहण्याआधी तो व्यावसायिक खेळात सेंटर फील्डमध्ये, म्हणजे त्या भागाच्या मधोमध, टिकेल का, हा प्रश्न सोडवावा, असे माझे मत तेथेच पक्के झाले.

संघातला चपळ खेळाडू म्हणून कॉलेजात सेंटर फील्ड सांभाळणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे लेफ्ट किंवा राइट फील्डकडे सरकावे लागते, आणि त्या जागांवरच्या खेळाडूकडून क्लब बरीच अधिक फटकेबाजी मागतो. त्यामुळे जी बॅट मध्यभागी चालून जाते, तीच कडेला अपुरी ठरते. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा जॅकी ब्रॅडली ज्युनियर 2010च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्कृष्ट खेळाडू होता आणि 2011च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, बॉस्टनने त्याला 40व्या क्रमांकावर घेतले. पुढे त्याची फलंदाजी कायम वरखाली होत राहिली, तरी क्षेत्ररक्षणाच्या बळावर तो वर्षानुवर्षे टिकला आणि 2018मध्ये त्याला उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कारही मिळाला.

क्षेत्ररक्षण पाहताना चेंडूचा पाठलाग डोळ्यांनी करू नये. बॅटचा आवाज होताच नजर आउटफिल्डरच्या पहिल्या पावलावर हवी, कारण वेगवान पण उशिरा निघणारा खेळाडू आणि मध्यम वेगाचा पण अचूक दिशेने लगेच सुटणारा खेळाडू यांतला फरक तेवढ्या क्षणातच दिसतो. फेकीची ताकद सामन्यात क्वचितच कळते, म्हणून सामन्याआधीच्या सरावाला वेळेवर पोहोचावे. धावण्याचा वेग मोजण्यासाठी स्टॉपवॉच बॅट-चेंडूच्या स्पर्शाला सुरू करून पाय पहिल्या बेसला लागताच थांबवतात. स्काउटांच्या 20 ते 80च्या मापात 50 म्हणजे मेजर लीगची, अर्थात सर्वोच्च व्यावसायिक स्तराची, सरासरी, आणि साधारणपणे डावखुऱ्या फलंदाजाचे 4.2 सेकंद किंवा उजव्या फलंदाजाचे 4.3 सेकंद 50 धरले जातात.

सर्वांत अवघड परीक्षा बॅटची. कॉलेजात धातूच्या किंवा कंपोझिट बॅटने खेळतात; 2011पासूनच्या नियमांनी त्यांची उसळी लाकडाच्या जवळ आणली असली, तरी हातांजवळ लागलेला चेंडू लाकडी बॅट अजूनही कमी माफ करते. म्हणूनच कॉलेजच्या खेळाडूंच्या उन्हाळी केप कॉड लीगला, जेथे 1985पासून लाकडी बॅट वापरतात, एवढे वजन आहे. वसंतातील हंगामात शक्यतो शुक्रवारचा सामना गाठावा, कारण संघाचा सर्वांत चांगला पिचर (गोलंदाज) सहसा त्या दिवशी उतरतो. मंगळवारच्या दुबळ्या गोलंदाजीवर मारलेल्या दोन होमरनांपेक्षा शुक्रवारी स्ट्राइक झोनबाहेरचा (फलंदाजाने खेळायच्या पट्ट्याबाहेरचा) स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, सोडून दिलेला मला अधिक बोलका वाटतो.

एवढे करूनही अंदाज चुकतात. 2016च्या ड्राफ्टमध्ये लुइव्हिलचा कोरी रे पाचव्या, तर मर्सरसारख्या लहान विद्यापीठाचा काइल लुइस अकराव्या क्रमांकावर गेला. रेच्या वाट्याला मेजर लीगचा एकच सामना आला. लुइस 2020मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला, पण गुडघ्याच्या दुखापतींनी त्याचीही कारकीर्द आखडली. फ्रेस्नो स्टेटच्या एरन जजने कॉलेजच्या तीन हंगामांत अनुक्रमे 2, 4 आणि 12 होमरन मारले होते. नुसता आकडा पाहणाऱ्याला त्यात 2022च्या 62 होमरनांची चाहूल लागणे शक्यच नव्हते. 6 फूट 7 इंचांचा देह आणि त्या देहाला न शोभणारी चपळाई मात्र मैदानावर दिसत होती. यांकीजने 2013मध्ये त्याला घेतले, तेही 32व्या क्रमांकावर.

अहवालात प्रत्येक गुणाचे दोन आकडे लिहितात, आजचा आणि पूर्ण वाढ झाल्यावरचा. त्यांच्याशेजारी वय आणि कॉलेजचे वर्ष नोंदवायला विसरू नये. चार वर्षांच्या कॉलेजातील खेळाडू तिसरे वर्ष संपल्यावर किंवा 21 वर्षांचा झाल्यावर ड्राफ्टला पात्र होतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला ‘पटले नाही तर परत कॉलेजात जाईन’ असे म्हणत बोनस वाढवून मागता येतो. पात्रता संपलेल्या खेळाडूला ती सोय नसते, त्यामुळे तो कमी पैशांत करार करतो आणि वाचलेली रक्कम क्लब दुसऱ्या कुणावर खर्च करतो. म्हणून असा आउटफिल्डर 20 फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये आठव्या-नवव्या फेरीत निवडला गेलेला दिसला, तर त्याच्या गुणांबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच्या कराराची रक्कम पाहावी.