बचनाग: औषधाच्या भरवशावर होणाऱ्या जीवघेण्या चुका

हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे उभे तुरे दिसतात. प्रत्येक फुलाचा वरचा भाग टोपड्यासारखा पुढे झुकलेला असतो. हाच बचनाग, आयुर्वेदातला वत्सनाभ. अरुणाचलातले मिश्मी आणि आदी शिकारी याच्या कंदाचं विष बाणांना लावत. त्रिभुवनकीर्ती, मृत्युंजय रस ही तापावरची औषधंही हाच कंद वापरून बनतात. त्यामुळे ‘औषधी आहे, म्हणजे निरुपद्रवी’ असा समज सहज होतो, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच घडतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अर्धवट शोधन, म्हणजे कंदाचं विष कमी करण्याची प्रक्रिया अपुरी सोडणं. शास्त्रोक्त पद्धतीत कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवतात, रोज गोमूत्र बदलतात, किंवा दोलायंत्रात पोटली टांगून दुधात तासन् तास शिजवतात. यामागे रसायनशास्त्र आहे. पाणी, उष्णता आणि वेळ मिळाला की ॲकोनिटिनचे, म्हणजे कंदातल्या मुख्य विषाचे, रेणू तुटून त्यांचं कमी विषारी द्रव्यांत रूपांतर होतं. वेळेत काटकसर केली किंवा तुकडे जाड राहिले, तर आतलं विष तसंच राहतं. चीनमध्ये याच कुळातले कंद नीट न शिजवता खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. मद्यात भिजवणं तर त्याहून वाईट, कारण ॲकोनिटिन मद्यात सहज उतरतं. म्हणून घरी शोधन करूच नका. अवघं दोन मिलिग्रॅम शुद्ध ॲकोनिटिनही जीव घेऊ शकतं, आणि कंदात ते किती आहे हे डोळ्यांना कळत नाही.

दुसरा घोटाळा अतिविषाचा. तेही याच कुळातलं, पण सौम्य. मुलांच्या बालचातुर्भद्र चूर्णात ते असतं. अतिविषाचा कंद मोडल्यावर आतून पांढरा दिसतो आणि चव नुसती कडू लागते. बचनागाने जिभेला मुंग्या येतात. पण ही परीक्षा जिभेवर करून पाहू नका! अतिविष दुर्मीळ आणि महाग झालं आहे, त्यामुळे भेसळीचा मोह मोठा. सुटा कंद घेऊन घरी उगाळण्यापेक्षा पाकीटबंद, परवानाधारक उत्पादकाचं औषध घ्या. काही भागांत कळलावीच्या कंदालाही बचनाग म्हणतात. तिचं विष वेगळं आणि उपचारही वेगळे, तेव्हा डॉक्टरांना नुसतं नाव सांगून भागत नाही.

तयार औषधावरची सूचनाही वाचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधल्या विषारी द्रव्यांच्या यादीत वत्सनाभ आहे, म्हणून अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असं छापणं बंधनकारक असतं. ताप उतरत नाही म्हणून स्वतःच मात्रा वाढवू नका. हृदयविकार असेल तर वैद्यांना आधी सांगा.

ट्रेकला गेल्यावर फुलं तोडू नका. चुकून रस लागला तर डोळ्यांना हात लावण्याआधी साबणाने धुवा; त्वचेतूनही विष भिनतं.

पोटात गेलं तर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांत ओठ-जीभ बधिर होतात, मग हातापायांना मुंग्या, उलट्या, छातीत धडधड. ‘थोडं थांबून बघू’ म्हणू नका. विष हृदयाच्या पेशींमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं, ठोके बिघडतात, आणि यावर नेमका उतारा नाही. रुग्ण शुद्धीवर असला, नीट बोलत असला तरी धोका टळलेला नसतो. ओकारी काढायला लावू नका. ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या आणि उरलेला कंद किंवा औषधाची डबी सोबत घ्या.