गॅरेजच्या काँक्रीटवर इपॉक्सी लावताना

गॅरेजच्या किंवा घरातल्या कोब्यावर लावलेली इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळून केलेला, कडक होणारा लेप) वर्षभरात पापुद्रे धरून सुटू लागली, तर दोष बहुधा डब्यातल्या मालाचा नसतो. खालचे काँक्रीट ओले, तेलकट किंवा नको तितके गुळगुळीत राहिलेले असते. त्यामुळे या कामातला निम्म्याहून अधिक वेळ पहिला डबा उघडण्यापूर्वीच खर्ची पडावा.

नवे काँक्रीट किमान २८ दिवस मुरू द्यावे. जुन्या कोब्यातली ओल पाहण्यासाठी सुमारे दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद करावा आणि निदान १६ तास हलवू नये. उचलल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळवंडलेला आढळला, तर साधी इपॉक्सी तेथे टिकणार नाही. आधी ओल रोखणाऱ्या प्रायमरचा, म्हणजे मुख्य थराखाली द्यायच्या पहिल्या हाताचा, विचार करावा लागेल. कोकणात आणि मुंबईत ही चाचणी भर पावसाळ्यात घ्यावी असे माझे ठाम मत आहे, कारण मे महिन्यात खडखडीत वाटणारा तळमजल्याचा कोबा ऑगस्टमध्ये जमिनीतून पाणी ओढत असतो. प्रत्यक्ष काम मात्र दिवाळीनंतर काढावे.

तेलाचे डाग डीग्रीझरने घासून काढल्यावरच घासकामाला हात घालावा, नाहीतर ग्राइंडर ते तेल सगळीकडे पसरवतो. अनेकजण स्वस्त म्हणून ॲसिडने कोबा धुतात. पण त्यात काँक्रीट पुन्हा भिजते आणि क्षार मागे राहतात. हिऱ्याची चकती आणि धूळ ओढणारे यंत्र लावलेला ग्राइंडर भाड्याने आणणे केव्हाही चांगले. घोटाई करताना वर आलेला सिमेंटचा कमकुवत, चकचकीत थर निघून गेला की तळहाताला बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा जाणवतो. तेथे पाण्याचे काही थेंब टाकून पाहावेत. पाणी लगेच मुरले तर कोबा तयार आहे. मोत्यासारखे थबकून राहिले तर अजून घासायचे आहे. चिरा इपॉक्सी पुट्टीने भराव्यात. काँक्रीटच्या हालचालीसाठी मुद्दाम सोडलेले सांधे मात्र कडक पुट्टीने कधीही बुजवू नयेत; त्यांना लवचिक सीलंटच लागते.

मालाचा हिशेब सोपा आहे. द्रावक नसलेली १ लिटर इपॉक्सी १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडी देते. म्हणून १० बाय १८ फुटांच्या, म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटरच्या गॅरेजला ३०० मायक्रॉनच्या (०.३ मिलिमीटरच्या) थरासाठी ५ लिटर लागते. प्रायमर आणि वाया जाणारा माल वेगळा धरावा.

रेझिन आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घ्यावेत. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवल्यास थर कायमचा चिकट किंवा ठिसूळ राहतो. मंद गतीच्या मिक्सरने तीन मिनिटे ढवळून मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतावे आणि पुन्हा ढवळावे, कारण तळाशी आणि कडेला न मिसळलेला माल चिकटून राहतो. मिश्रण बादलीत साठून राहिले तर स्वतःच्या उष्णतेने झपाट्याने तापून घट्ट होते, त्यामुळे ते लगेच जमिनीवर ओतून पसरावे. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा यांत तडजोड नको. हार्डनरची त्वचेला जडलेली ॲलर्जी आयुष्यभर सोबत राहू शकते.

उन्हाने तापत जाणाऱ्या काँक्रीटच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि थरात बुडबुडे धरतात, म्हणून प्रायमर कोबा निवत असताना, दुपार कलल्यावर लावावा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. प्रायमरवर मुख्य थर रोलरने ओढून बुडबुडे फोडण्यासाठी काटेरी रोलर फिरवावा. उतारावर किंवा पाणी येणाऱ्या जागी ओल्या थरावर बारीक सिलिका वाळू भुरभुरावी, नाहीतर पाय घसरतो. दारातून थेट ऊन येत असेल तर वरून पॉलियुरेथेनचा थर द्यावा, कारण उघडी इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते.

साधारण २४ तासांनी त्यावर चालता येते. गाडी मात्र सात दिवस बाहेरच ठेवावी. अर्धवट पिकलेल्या थरावर रस्त्यावरून तापून आलेले टायर टेकले की ते थंड होताना चिकटतात आणि गाडी काढताना इपॉक्सीचे टवके उपटून नेतात.