ॲपवर बंदी आली तरी घरच्यांशी संपर्क टिकवायचा कसा

मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये आणि आईवडील महाराष्ट्रात, अशा घरांची अडचण पाहिली की इंटरनेटचे तुकडे होणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चीनने फेसबुक २००९ पासून आणि व्हॉट्सॲप २०१७ पासून अडवलेले आहे; जीमेल आणि गूगलच्या इतर सेवाही तेथील इंटरनेटवर उघडत नाहीत. तेथे निरोपापासून भाजीच्या पैशांपर्यंत सगळे ज्या वीचॅटवर चालते, ते भारत सरकारने २९ जून २०२० रोजी बंद केलेल्या ५९ ॲपच्या यादीत होते. म्हणजे मुलीकडे जे चालते ते घरी चालत नाही आणि घरी जे चालते ते तिच्याकडे चालत नाही. परदेशात आपले माणूस असलेल्या प्रत्येक घराने बंदी येण्यापूर्वी आणि आल्यानंतर काय करावे, ते येथे सांगत आहे.

सुरुवात वहीने करावी. ज्यांच्याशी संपर्क तुटणे आपल्याला परवडणार नाही, त्यांची नावे लिहून प्रत्येकापुढे दूरध्वनी क्रमांक, ईमेल पत्ता आणि सध्या वापरात असलेले ॲप नोंदवावे. अनेक माणसांचे आपल्याकडे केवळ ॲपमधले नावच असते, हे लिहिताना लक्षात येते, आणि ॲप बंद झाले की सर्वांत आधी हीच माणसे हरवतात. त्यांच्याकडून क्रमांक आजच मागून घ्यावा. वसतिगृहाचा, महाविद्यालयाच्या कार्यालयाचा आणि खोलीतल्या एखाद्या सोबत्याचा क्रमांकही त्याच पानावर असावा.

त्यानंतर दोन्ही देशांत चालणारा दुसरा मार्ग ठरवावा. या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण त्याचे उत्तर प्रत्येक देशात वेगळे आहे. चीनसाठी जीमेल नसलेला ईमेल पत्ता आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स हे पर्याय करून पाहण्यासारखे आहेत. भारतीय सिमकार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू ठेवले, तर त्यावरचा डेटा साधारणपणे आधी मायदेशाच्या नेटवर्ककडे येतो आणि मग इंटरनेटवर जातो. त्यामुळे वसतिगृहाच्या वायफायवर न उघडणारे व्हॉट्सॲप त्या सिमवर उघडते. हा मार्ग खर्चिक असल्याने रोजच्या गप्पांसाठी नव्हे, पण पहिल्या आठवड्यासाठी आणि अडीअडचणीसाठी तो हाताशी असावा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून निरोप जातात, परंतु कॉल लागत नाहीत. दुबईत नोकरीला असलेल्या माणसाशी बोलण्यासाठी तेथे परवाना असलेले बोटिमसारखे ॲप घरच्यांच्या फोनवरही घालून द्यावे लागते. रशियाने ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम या दोन्हींवरच्या कॉलवर निर्बंध आणले. त्यामुळे पूर्वी ठरवलेला मार्ग पुढेही चालेलच असे गृहीत धरता येत नाही. ठरवलेल्या मार्गावरून महिन्यातून एकदा खरोखर बोलून पाहावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तो स्वतः वापरायला लावावा. मुलाने सुट्टीत येऊन घालून दिलेले, पण आजीने कधीच न उघडलेले ॲप ऐन वेळी कामाला येत नाही.

तिसरे काम प्रती काढून ठेवण्याचे. व्हॉट्सॲपमध्ये महत्त्वाचे संभाषण ‘एक्सपोर्ट’ करता येते. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि गूगल आपली सगळी माहिती उतरवून घेण्याची सोय देतात, मात्र मागणी केल्यावर ती फाईल तयार होण्यास काही वेळा दिवस लागतात. म्हणून बंदीची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. २०२० मध्ये टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते आणि त्यांत गावाकडच्या कितीतरी मराठी कलाकारांचा समावेश होता. बंदीचा आदेश आला आणि दुसऱ्या दिवशी ते प्ले स्टोअरसारख्या ॲपच्या दुकानांतून गायब झाले. आपले काम उतरवून घेण्यासाठी कोणालाही मुदत मिळाली नाही. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण खरे असू शकते हे मान्य करूनही, सामान्य माणसाला स्वतःच्या चित्रफिती काढून घेण्यासाठी चार दिवस द्यायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते. जे चित्रफिती तयार करतात त्यांनी मूळ, ॲपचा शिक्का नसलेली फाईल स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

त्याच वेळी आपण कोणकोणत्या ठिकाणी फेसबुक किंवा गूगलच्या खात्याने प्रवेश करतो ते तपासावे. ते एक खाते अडले, तर त्यावर टेकलेली तिकिटांची, अभ्यासाची आणि खरेदीची खातीही अडतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी ईमेल आणि स्वतंत्र पासवर्ड जोडून ठेवावा. परदेशी ॲपच्या वॉलेटमध्ये गरजेपेक्षा अधिक रक्कम साठवू नये.

ॲप प्रत्यक्ष बंद पडले, तर आधी ते कोठे अडले आहे हे ओळखावे. मोबाइल डेटावर उघडत नसेल, तर दुसऱ्या कंपनीच्या वायफायवर उघडून पाहावे, आणि परदेशातल्या परिचिताला विचारावे. सगळीकडेच बंद असेल, तर दोष बहुधा ॲप चालवणाऱ्यांच्या यंत्रणेत आहे. एका कंपनीच्या जोडणीवर बंद आणि दुसरीच्या जोडणीवर सुरू असेल, तर ते बंदी नसल्याचे लक्षण मानू नये, कारण भारतातल्या इंटरनेट कंपन्या अडवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती वापरतात. एखादी कंपनी फोनने संकेतस्थळाचे नाव विचारले की चुकीचा पत्ता देते, तर एखादी जोडणी होताना दिसणारे संकेतस्थळाचे नाव वाचून ती तोडते. केवळ दुकानातून ॲप काढले गेले असेल, तर फोनमधले ॲप घाईने काढून टाकू नये. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये टिकटॉक काही तास बंद राहून पुन्हा सुरू झाले, परंतु ॲपल आणि गूगलच्या दुकानांत ते १३ फेब्रुवारीलाच परतले. तोवर ज्यांनी ते काढून टाकले होते, त्यांना ते परत घेता येत नव्हते. मात्र अद्ययावत न होणारे ॲप दीर्घकाळ वापरणे सुरक्षित नाही, हेही लक्षात ठेवावे.

या काळात येणाऱ्या लिंकपासून फार जपावे. जुलै २०२० मध्ये ‘टिकटॉक प्रो’ नावाचे बनावट ॲप निरोपांतून पसरू लागले आणि महाराष्ट्र सायबर विभागाला त्याविषयी इशारा द्यावा लागला. बंद झालेले ॲप परत मिळवून देतो म्हणणारी कोणतीही फाईल फोनवर घालू नये. आपली इंटरनेट वाहतूक दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रणेमार्फत वळवून अडवलेल्या सेवा उघडून देणाऱ्या मोफत व्हीपीएनबाबतही हेच सांगेन, कारण आपली सगळी वाहतूक ज्याच्या हातून जाते, तो कोण आहे हे बहुधा आपल्याला ठाऊक नसते. शिवाय कायदा पाहावा लागतो. अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास किमान पाच लाख दिरहम दंडाची तरतूद आहे, आणि ब्राझीलमध्ये २०२४ साली एक्स (पूर्वीचे ट्विटर) बंद असताना व्हीपीएनने ते वापरणाऱ्यांना दिवसाला ५० हजार रियाल दंड जाहीर झाला होता. तेथे राहणाऱ्या आपल्या माणसाला घरून आडमार्ग सुचवताना तो धोका त्याच्या नोकरीवर आणि व्हिसावर येतो याचे भान ठेवावे.

एखादे संकेतस्थळ किंवा ॲप चुकून अडवले गेले आहे असे वाटल्यास लेखी विचारणा करावी. भारतात असे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली निघतात आणि २००९ च्या नियमांनुसार ते गोपनीय ठेवले जातात, त्यामुळे कारण सहजासहजी कळत नाही. तरीही विचारणा वाया जातेच असे नाही. व्हीएलसी या मोफत प्लेयरचे संकेतस्थळ २०२२ च्या फेब्रुवारीपासून भारतात उघडत नव्हते. ते चालवणाऱ्या ना-नफा संस्थेने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवून आदेशाची प्रत मागितली, आणि नोव्हेंबरमध्ये ते संकेतस्थळ खुले झाले.