आयईएलटीएस रायटिंग: चढता आलेख लिहिताना मला काय उपयोगी पडलं

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ॲकॅडमिक प्रकाराच्या लेखनातल्या टास्क १ मध्ये आलेखासारख्या माहितीचं वर्णन करायचं असतं. त्यासाठी किमान १५० शब्द लिहायचे असतात आणि साधारण २० मिनिटं मिळतात. आलेख चढता असला की माझं प्रत्येक वाक्य ‘इन्क्रीज्ड’वर येऊन थांबायचं. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्या, पण वाक्यं तशीच राहिली.

उपयोग झाला तो जनगणनेच्या आकड्यांचा. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.९ टक्के होती, २०११ मध्ये ८२.३. एवढ्याच माहितीची वेगवेगळी वाक्यं करायला बसले. आधी क्रियापद: ‘लिटरसी रोज (rose) स्टेडिली’. मग तेच नाम म्हणून: ‘देअर वॉज अ स्टेडी राइज इन लिटरसी’. मग वर्षं कर्त्याच्या जागी: ‘द डिकेड सॉ अ राइज’. शब्द तोच, पण व्याकरणाची विविधता आपोआप आली, आणि तिचेही गुण असतात.

खरी मेख शब्दयोगी अव्ययांत आहे. ‘रोज टू ८२.३’ म्हणजे तिथवर पोचली. ‘रोज बाय’ म्हटलं की फक्त फरक, इथे सुमारे साडेपाच. तोही ‘पर्सेंट’ नव्हे, ‘पर्सेंटेज पॉइंट्स’, म्हणजे दोन टक्केवारींमधला थेट फरक! ‘राइज’च्या जागी ‘रेज’ तर चालतच नाही, त्याला कर्म लागतं.

‘सोअर’, ‘रॉकेट’ हे शब्द मी उभ्या चढणीसाठीच राखून ठेवते. दहा वर्षांत साडेपाच अंकांना ‘स्टेडिली’ किंवा ‘ग्रॅज्युअली’च शोभतं.