सीटीच्या डोसची नोंद कशी ठेवायची

बेळगावात सीटी स्कॅनच्या मशीनच्या कन्सोलवर मी रोज बसतो. खानापूर, निपाणी, पलीकडच्या चंदगडचेही पेशंट येतात. स्कॅनमध्ये पेशंटला मिळणारं रेडिएशन म्हणजे डोस; तो साधारण किती असावा याची देशाची संदर्भ पातळी, म्हणजे डीआरएल, आमच्यासारख्यांनी भरलेल्या आकड्यांवरूनच ठरते. म्हणून हे जीव लावून करायचं काम आहे.

आधी तपासणीचं कारण लिहा. नुसतं ‘पोट’ लिहून भागत नाही. मुतखड्याचा प्लेन स्कॅन आणि यकृतातल्या गाठीसाठी काँट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) देऊन तीन फेजमध्ये, म्हणजे तीनदा, केलेला स्कॅन, दोन्ही पोटाचेच, पण डोसात जमीन-अस्मानाचा फरक. पूर्वीच्या एका ठिकाणी आम्ही दोन्ही एकाच रकान्यात भरले आणि महिनाभराची वही वाया गेली.

एका कारणाचे किमान २० प्रौढ पेशंट घ्या, ३० मिळाले तर उत्तम. वजन विचारून लिहू नका, काट्यावर उभं करा. ‘असेल पन्नास-पंचावन्न’ म्हणणाऱ्या मावशी अडुसष्ट भरतात. मुलांची यादी वेगळी ठेवा: पोट-छातीसाठी वजनाप्रमाणे गट, डोक्यासाठी वयाप्रमाणे.

स्कॅन संपला की डोस रिपोर्टच्या पानावरून दोन आकडे उतरवा: सीटीडीआय-व्हॉल (स्कॅन केलेल्या भागातला सरासरी डोस) मिलीग्रेमध्ये आणि डीएलपी (तोच आकडा गुणिले स्कॅनची लांबी) मिलीग्रे-सेंटिमीटरमध्ये. शेजारी फँटम, म्हणजे डोस मोजायला शरीराऐवजी धरलेला प्लास्टिकचा दंडगोल, १६ सेंटिमीटर व्यासाचा आहे की ३२ चा, तेही टिपा. लहान मुलाच्या पोटाला काही मशीन १६ चा धरतात, मग आकडा साधारण दुप्पट दिसतो.

आता लांबी बघा. सीटीडीआय ९ आणि लांबी ४४ सेंटिमीटर असेल तर डीएलपी साधारण ३९६. घाईत स्काउटवरची (स्कॅनआधीच्या आखणीच्या चित्रावरची) चौकट छातीच्या मध्यापासून मांडीपर्यंत ओढली आणि लांबी ५४ झाली, की तोच ४८६ वर जातो. मुतखडा दिसायला त्या जादा दहा सेंटिमीटरची काहीच मदत होत नाही. माझ्या मते सर्वात जास्त डोस इथेच फुकट जातो.

मग आकडे चढत्या क्रमाने लावून मध्यक काढा, सरासरी नको. एखादा अवाढव्य आकडा सरासरी बिघडवतो. २० पेशंट असतील तर दहाव्या आणि अकराव्याच्या मधोमध. देशपातळीवर असे सगळ्या केंद्रांचे मध्यक एका ओळीत लावतात आणि तिसरा चतुर्थक, म्हणजे ज्याच्या खाली पाऊण केंद्रं येतात तो आकडा, डीआरएल धरतात. आयसीआरपी या रेडिएशन-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला २० ते ३० केंद्रंही चालतात.

तुमचा मध्यक त्याच्या वर गेला तर केव्ही (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज), एमए (तिचा करंट) आणि पेशंट टेबलावर नीट मध्यभागी घेतला जातो का, ते तपासा. ही पातळी एकेका पेशंटला लावू नका; जाड माणसाला डोस जास्त लागतोच.

आणि श्वास रोखायला पेशंटच्या भाषेत सांगा, मराठीत किंवा कन्नडमध्ये. हलल्यामुळे स्कॅन पुन्हा करावा लागला तर त्याचा डोस खोडू नका, वेगळ्या ओळीत लिहा.