जीएमआरटीचा डेटा आणि सेल्फ-कॅलिब्रेशनचा सापळा

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि त्यांच्या प्रत्येक जोडीत होणाऱ्या रेडिओलहरींच्या व्यतिकरणातून आकाशाच्या प्रतिमेचा एकेक घटक मोजला जातो, हे प्रकल्पाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक असतेच. फ्लॅगिंग करणे (बिघडलेला डेटा वगळणे) किंवा ३सी२८६ सारख्या कॅलिब्रेटरवरून, म्हणजे ज्ञात तीव्रतेच्या स्रोतावरून, तीव्रता ठरवणे ही कामे कंटाळवाणी असली, तरी सरावाने जमतात. त्यांची धास्ती घेऊ नये. धास्ती घ्यायचीच, तर सेल्फ-कॅलिब्रेशनची घ्यावी.

स्रोताची जागा फेजमध्ये, म्हणजे लहरीच्या कलेत, नोंदलेली असते, आणि कमी वारंवारतेला आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) नेमकी फेजच सतत बिघडवत राहते. यावर उपाय म्हणून सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये आपण आपलीच कच्ची प्रतिमा खरी मानतो आणि तिच्याशी जुळेल अशी प्रत्येक अँटेनाची फेज शोधतो. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि संदर्भ अँटेना (जिची फेज शून्य मानतात) वगळता शोधायच्या फेज केवळ २९ असतात, म्हणून हे गणित विश्वासार्ह ठरते. फ्लॅगिंगनंतर जेमतेम ८ अँटेना उरल्या, तर मात्र २८ मोजमापांसमोर ७ अज्ञाते येतात. त्यातच उत्तरांचा कालावधी, म्हणजे दर किती वेळाने फेज नव्याने सोडवायची ते अंतर, फार लहान ठेवला, तर दर वेळी ही अज्ञाते नव्याने मोकळी होतात आणि गोंगाटालाही आपल्या गृहीतकाच्या आकारात वळवतात. मध्यभागी बिंदुस्रोत आहे असे मानल्यास तेथे काहीही नसताना बिंदुस्रोत उमटू शकतो, आणि दरम्यान पार्श्वभूमीचा गोंगाट घटलेला दिसल्यामुळे आपण समाधानी असतो. मीही असाच समाधानी होतो.

म्हणून आरंभीच्या फेऱ्यांत केवळ फेज सोडवावी, तीव्रता शेवटी आणि दीर्घ कालावधीने. गृहीत प्रतिमा सरकलेली असेल तर सारे आकाश तिच्यासोबत सरकते, त्यामुळे स्रोतांच्या जागा जीएमआरटीवरच १५० मेगाहर्ट्झला झालेल्या टीजीएसएस सर्वेक्षणाशी ताडून पाहाव्यात. ही सारी कामे आपोआप करणाऱ्या संगणकीय पाइपलाइन उपयुक्त असतात, परंतु पहिला डेटा तरी हाताने सोडवावा, असे माझे ठाम मत आहे. आणि फेजचे आलेख न पाहता "आणखी एक फेरी करा" असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाला ते आलेख नम्रपणे, पण अवश्य दाखवावेत.

कासा या डेटा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये ही उत्तरे स्वतंत्र तक्त्यांत साठवली जातात आणि मूळ मोजमापे तशीच राहतात, त्यामुळे संशय आला की ते तक्ते निःशंकपणे पुसून पहिल्या प्रतिमेपासून पुन्हा आरंभ करता येतो.