फाईलचा मॉडिफाय टाईम खरंच बदलला का, हे टेस्ट कसं करायचं

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यासाठी मी बिलांच्या फाईली दुरुस्त करणारं एक छोटं कमांड लाईन टूल लिहिलंय, आतला मजकूर अगदी बरोबर बदलायचा पण संध्याकाळचा बॅकअप फक्त नव्या वेळेच्या फाईली उचलतो आणि आमच्या फाईलींची वेळ जुनीच राहायची, तीन दिवसांची दुरुस्त बिलं बॅकअपमध्ये गेलीच नाहीत. कारण काय, तर टूल आधी टेम्प म्हणजे तात्पुरती फाईल लिहायचं, जुन्या फाईलच्या परमिशन तिच्यावर कॉपी करायचं, त्यासोबत जुनी वेळ पण यायची, आणि मग तिचं नाव बदलून जुन्या फाईलचं नाव द्यायचं. नाव बदलल्यानं मॉडिफाय टाईम, म्हणजे आतला मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ, बदलत नाही बघा. मजकुराच्या सगळ्या टेस्ट पास होत्या, वेळेची टेस्टच नव्हती.

तर आता मी असं करतो. टूल चालवायच्या आधी फाईलला मुद्दाम जुनी वेळ द्यायची. लिनक्समध्ये फाईलची वेळ बदलणाऱ्या टच कमांडला मायनस डी, त्यापुढं @ चिन्ह आणि एकावर नऊ शून्य. हे युनिक्सचे सेकंद, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले, म्हणजे ९ सप्टेंबर २००१, आपल्याकडं सकाळी ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंद. हे का करायचं? फाईल बनवली आणि लगेच टूल चालवलं तर दोन्ही एकाच सेकंदात होतं, सेकंदात बघितलं तर आधीची आणि नंतरची वेळ सारखीच दिसते, मग टेस्ट कधी पास कधी फेल. काही जण मधे स्लीप, म्हणजे थोडं थांबायची कमांड, घालतात, मला ते पटत नाही, शंभर टेस्ट असल्या की नुसतं बसून राहायचं.

मग टूल चालवायचं आणि फाईलची माहिती देणाऱ्या स्टॅट कमांडला मायनस सी देऊन टक्का आणि मोठा वाय मागायचा, मॉडिफाय टाईम सरळ सेकंदात मिळतो. एलएस या फाईलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये दिसणारी तारीख टेस्टमध्ये कधीच वाचू नका, सर्व्हर यूटीसीवर म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असला की साडेपाच तासांचा म्हणजे १९८०० सेकंदांचा फरक दिसतो आणि आपण उगाच टूलमध्ये चूक शोधत बसतो. नुसतं जुनी वेळ गेली एवढ्यावर थांबायचं नाही, नवी वेळ आत्ताच्या वेळेच्या जवळ पाहिजे. दोन सेकंदांची सूट द्या, कारण लिनक्स फाईलवर जी वेळ टाकतो ती खऱ्या घड्याळाच्या काही मिलिसेकंद मागं असू शकते.

उलटी टेस्ट पण लिहा की. ड्राय रन, म्हणजे फाईल न बदलता नुसतं काय बदलेल ते दाखव, असं सांगितल्यावर वेळ जुनीच राहिली पाहिजे, आणि दुरुस्त करायला काही नसेल तरी.

टेस्ट पेन ड्राईव्हवर चालवणार असाल तर एक लक्षात ठेवा, फॅट फॉरमॅटमध्ये मॉडिफाय टाईम दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानंच साठतो, ५७ व्या सेकंदाला लिहिलेली फाईल ५६ दाखवते. तिथं सूट चार सेकंद करा.